नावं ठेवणारे आबा

हे लिहायला बसले तेव्हा आधी माफीच मागावी असं वाटलं. वार्षिकांकात छापण्याजोगं मला लिहिता येतं का, याची खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, सही करतात. माय अंगठा देते. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "ओळखीच्या माणसावर लिही, आपोआप येतं." आपोआप काही आलं नाही. लिहिलं आणि फाडलं, असंच बरेच दिवस चाललं.

ज्यांच्यावर लिहिते आहे ते आबा माझ्या नात्यातले नव्हते. त्यांचा सहवास म्हणाल तर रविवारचे काही तास, तेही एका बैलापायी. त्यांना माझ्याहून जास्त ओळखणारी माणसं जनावरांच्या बाजारात असतील. त्यांच्या हाती हे पडलं तर ती हसतील. आबा आता नाहीत, त्यामुळं माझं कुठं चुकलं हे सांगायलाही कुणी उरलेलं नाही. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सगळे आबाच म्हणायचे.

आमचं गाव धारूरच्या बाजूला, डोंगराच्या कडेला. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. दादा आणि माय टायरगाडीवाले, म्हणजे स्वतः ऊस तोडायचा, स्वतःच्या बैलगाडीत भरायचा आणि कारखान्यावर नेऊन टाकायचा. जाताना बैल, गाडी, भांडीकुंडी सगळं ट्रकमध्ये चढतं. त्या साली ट्रक बीडजवळच्या पालीपाशी आला आणि आमचा तांबड्या आतच खाली बसला. शेजारचा बैल त्याच्या अंगावर गेला. पुढच्या डाव्या पायाची नळी मोडली. मुकादम म्हणाला, "एका बैलासाठी सगळी टोळी थांबवू का?" कुणीतरी जवळच्या गोशाळेचं नाव काढलं. तांबड्याला फळीवरून उतरवून तिथं ठेवलं आणि ट्रक पुढं गेला. जाता जाता दादांचा फोन आला. मी बीडला वसतिगृहात होते. "तूच काय ती जवळ हायस," ते म्हणाले. "जरा बघत जा त्याच्याकडं." मागं हॉर्न वाजत होता. माय काहीतरी म्हणत होती, ते ऐकू आलं नाही.

मी गेले तेव्हा तांबड्या आडवा पडलेला होता, पायाला प्लास्टर. त्याच्या डोक्याशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. उंच, पाठीत वाकलेला, खांद्यावर टॉवेल.

"तुमचा का हा?"

"हो."

"असला बैल आमी दारात बांधला नसता. तोंड बघ, गाढवाचं हाय. ही काय हाडं म्हणायची? काड्या हायत काड्या. उगंच आणून टाकलं आमच्या गळ्यात."

मी रडायला लागले. ते आणखीच चिडले.

"रडती कावून? मेला का? न्हाई मेला. मावशे, हिला च्या दे तुझा त्यो घाणेरडा."

मावशी म्हणजे गोशाळेत शेणगोठा करणारी बाई. तिनं चहा हातात देताना हळूच सांगितलं, "रडू नको बाई. आबा नावं ठेवायला लागलेत म्हंजी जगंल त्यो."

तेव्हा मला वाटलं, ही माझी समजूत काढते आहे. पण ते तसंच होतं. गोशाळेत येण्याआधी आबांनी सगळं आयुष्य हेडी म्हणून काढलं होतं. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. बैल घ्यायचा असला की हेडी आधी त्याला नावं ठेवतो. शिंग वाकडं, खूर फाटके, दात पडायला आलेले. असं म्हणून म्हणून भाव खाली आणतो. आणि बैल विकायचा असला की त्याच तोंडानं त्याचे गोडवे गातो. बाजार सुटला तरी आबांचं तोंड तसंच राहिलं होतं. जे जवळ ठेवावंसं वाटायचं त्याला शिव्या, आणि जे हातचं जाणार म्हणून वाटायचं त्याची तारीफ.

चहा चांगला झाला की म्हणायचे, "ह्याला च्या म्हणत्यात व्हय? घोडी तोंड लावणार न्हाई." आणि कप पुन्हा पुढं करायचे. घोडी म्हणजे तिथली एक आंधळी घोडी, तिच्याइतक्या शिव्या गोशाळेत कुणालाच मिळत नसत. ती त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून मान उचलायची. मला ते म्हणायचे, "ही शिकून काय दिवे लावणार हाय, देवाला ठाव." पहिल्यांदा वाईट वाटलं. नंतर मी वसतिगृहात मैत्रिणींना हे वाक्य सांगायचे आणि मलाच बरं वाटायचं.

उलटंही बघितलं. एक वासरू आणलं होतं, पोट प्लास्टिकनं भरलेलं. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लई गुणाचं हाय. लई देखणं." मी खूश झाले. मावशी मात्र काम टाकून उभी राहिली. पुढच्या रविवारी वासरू नव्हतं. त्याच्या जागी चुना टाकलेला होता.

मी एकदा धीर करून विचारलं, "आबा, कावून असं उलटं बोलता?"

"ऐकणारे लई असत्यात पोरी. चांगलं म्हणलं की गिऱ्हाईक येतंय."

कोण गिऱ्हाईक, ते त्यांनी सांगितलं नाही.

या सवयीनं त्यांना त्रासही व्हायचा. गोशाळा शहरातल्या काही व्यापाऱ्यांची होती. एकदा त्यांच्यापैकी एकाचे पाहुणे वाढदिवसाला कडब्याची गाडी घेऊन आले. सोबत फोटो काढणारा माणूस. कडबा खरंच चांगला होता, हिरवट, पानांसकट. आबांनी पेंढी सोडून वास घेतला आणि म्हणाले, "उकिरड्यावर टाकायचा सोडून हितं कशाला आणला?" पाहुण्यांचे चेहरे पडले. मावशी मागून हातांनी खुणा करत होती, त्यांचं तसंच असतं म्हणून, पण ते तिच्याकडं बघत नव्हते. पुढं व्यापाऱ्यांनी आबांना बोलावून समज दिली. परत आले तेव्हा मी विचारलं, काय झालं. "लई चांगली माणसं हायत," ते म्हणाले. मावशीनं माझ्याकडं बघितलं. 

तांबड्याचं दुखणं लांबलं. बैल एका कुशीवर पडून राहिला की खालचं अंग सडायला लागतं, म्हणून त्याला सारखं फिरवावं लागायचं. पोटाखालून दोर घालायचा, आबा डोक्याकडं, मावशी मागं, मी मध्ये. "हं, ओढ! जेवली न्हाईस का?" असं आबा मला ओरडायचे. उताणा झाला की क्षणभर त्याचे पाय आभाळाकडं व्हायचे, मग तो दुसऱ्या कुशीवर पडायचा. मग भुशाची पोती टेकू द्यायची, जखमा धुवायच्या, माश्या हाकायच्या. आबांना भुशाच्या धुळीनं खोकला यायचा, ते लांब जाऊन खोकून यायचे आणि पुन्हा पोती उचलायचे. मला परतताना शेअर रिक्षात झोप लागायची. एकदा मी बसस्टँडच्या पुढं गेले तरी उतरले नाही. सोमवारी वर्गात बसलं की कपड्यांना शेणाचा वास येतो आहे असं वाटायचं, आणि मी मागच्या बाकावर जायचे. मी हे दादांना सांगत नसे. ते तिकडं तांबड्याच्या जोडीच्या पांढऱ्याला दुसऱ्याच्या बैलाशी जुंपून गाडी ओढत होते, त्यांना आणखी काय सांगायचं.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड सांधलंय, आता उठायला पाहिजे. तांबड्या उठेना. पोत्यांची झोळी करून वाशाला टांगून बघितलं. तो झोळीत धुणं वाळत घातल्यासारखा लोंबकळायचा, पाय टेकवायचा नाही. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि जाताना मान हलवली. आबा त्या दुपारी तांबड्यासमोर बराच वेळ बसून होते. मला भीती वाटली, आता ते त्याची तारीफ करणार.

"तुझ्या बापाला फोन लाव," ते म्हणाले. "त्यो स्पीकर का काय असतंय, ते कर."

दादा फडात होते. मागं ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

"दादा, तांबड्याला उठवायचंय. तुमी हाक मारा."

"फोनवर?"

"व्हय."

"लोकं हायत की गं हितं."

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ए पाव्हणं, लाजतो कावून? सासुरवाडीत बसलाय का? रोज कसा उठवत हुतास, तसं उठव की बे!"

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग दादांचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा झाला. "हाऽ तांबड्या! ऊठ रं बाबा. निघायचंय. हाऽ! हाऽ!"

तांबड्याचा कान वळला. तिकडं कुणीतरी हसलं. मग मायचा आवाज आला, "ऊठ माज्या राजा, ऊठ." दादा पुन्हा ओरडले. तांबड्यानं मागचे पाय अंगाखाली घेतले, ढुंगण उचललं आणि पुढच्या गुडघ्यांवर तसाच थांबला. आबा फोन त्याच्या कानाशी धरून होते. मग तो उभा राहिला. डावा पाय वर धरलेला. मग तोही टेकवला.

"उठला का?" दादा विचारत होते. "ए, बोला की. उठला का?"

"उठलाय कशाचा!" आबा ओरडले. "आत्ता पडंल. असलं दळभद्री जनावर जल्मात बघितलं न्हाई!" आणि फोन बंद न करता त्यांनी तो स्वतःच्या खिशात घातला. खिशातून दादांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर आबा त्याला रोज फिरवू लागले. आधी हौदापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग धरणाकडच्या पायवाटेनं. दोघंही सारखेच हळू चालायचे. एक खोकायचा, एक लंगडायचा. मागून बघितलं की कोण कुणाला धरून चाललंय ते कळत नसे.

एकदा फाटकापाशी दम खायला बसलो असताना मी त्यांना बाजाराबद्दल विचारलं. त्यांनी टॉवेल स्वतःच्या हातावर टाकून दाखवलं. भाव चारचौघांत तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि हेडी टॉवेलाखाली हात घालतात, बोटं धरून आकडा सांगतात. वरून तोंडं भांडत असतात, शिव्या चालू असतात, बघणाऱ्याला वाटावं आता मारामारी होणार. खाली बोटं गुपचूप बोलत असतात. "तोंडानं म्या लई खोटं बोललो," आबा म्हणाले. "बोटानं एकदाबी न्हाई." मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "आता सगळं मोबाईलवर. कोण हात धरतंय?"

दादा आणि माय उन्हाळ्याच्या तोंडावर परत आले. पण गावाकडं पाण्याची आणि चाऱ्याची तंगी, म्हणून तांबड्याला तिथंच राहू दिलं. दादा अधूनमधून येऊन बघून जायचे. पोळ्याला त्यांनी त्याच्या शिंगांना रंग आणला होता. आबा म्हणाले, "ह्या थोबाडाला रंग? पैसं वाया," आणि स्वतःच ब्रश घेऊन बसले.

मग पुन्हा दसरा जवळ आला.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. टायरगाडीला जोडी लागते. जोडी नसली तर मुकादम गाडीवाल्यांत घेत नाही, दुसऱ्याचा बैलही दर साली मिळत नाही, मग दुसऱ्याच्या टोळीत मिळेल ते काम करायचं. दादांनी मला बोलून दाखवलं होतं, रागानं नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. "तांबड्या न्हाई जमला तर एक साल तुला यावं लागंल पोरी. आमा दोघांच्यानं टोळीत निभायचं न्हाई." मी बरं म्हटलं. माझ्यासोबतच्या ज्या मुली एक साल म्हणून गेल्या त्या परत वर्गात आलेल्या मी बघितल्या नाहीत. तांबड्याचा पाय चांगला असावा असं मला दादांइतकंच वाटत होतं, कदाचित जास्तच.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "चालेल, पण ओझं बघून." दादांनी त्यातलं "चालेल" तेवढं ऐकलं.

न्यायला आले त्या दिवशी आबांनी तांबड्याला फिरवून दाखवलं. दादा खाली वाकून पाय बघत होते.

"आबा, चालायला लागला की हो."

"कशाचं चालतंय. लंगडं हाय. कामातून गेलेलं जनावर हाय हे."

दादा हसले आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. "आबा, बाजार म्याबी बघितलाय."

आबांनी तांबड्याच्या डाव्या पायावर हात ठेवला. मग ज्या आवाजात मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, तशा साध्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, खरं सांगतो. हाड सांधलंय. रिकामं चालंल, जलमभर चालंल. पर भरली गाडी उतारावर जनावराच्या मानंवर येती. समदा भार पुढच्या पायांवर. त्या टायमाला ह्यो पाय जाईल. मग पुन्हा न्हाई उठायचा."

"म्हंजी तुमाला ठेवून घ्यायचाय त्याला."

"ठेवून घ्यायचा न्हाई रं. नेऊ नको म्हणतो."

"त्ये एकच झालं की."

मी मध्ये बोलले, "दादा, आबा खरंच सांगत असतील."

"हेडी हायत ते," दादा म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत. एखाद्याचं आडनाव सांगावं तसं म्हणाले.

आबांनी इकडंतिकडं बघितलं. त्यांची अडचण मला दिसत होती. वाईट म्हटलं तर दादा म्हणणार बैल चांगला आहे. चांगला म्हटलं तर दादा घेऊनच जाणार. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. दादा थबकले. मग त्यांनीही हात आत घातला. टॉवेल जरासा हलला. दादांनी आबांच्या तोंडाकडं बघितलं, आबा खाली बघत होते. टॉवेल पुन्हा हलला. दादांनी हात काढून घेतला, तांबड्याचं दावं सोडलं आणि म्हणाले, "येतो आबा. लई केलंत आमच्यासाठी." आणि वाकून त्यांच्या पाया पडले.

पिकअपमध्ये मी विचारलं, "काय भाव सांगितला त्यांनी?"

दादांनी आधी मागच्या काचेतून तांबड्याकडं बघितलं. नंतर म्हणाले, "धडधाकट बैलाचा भाव दिला त्यानं. म्या घेतला त्याच्यापेक्षा जास्त. लंगड्या बैलाला एवढं कोण देतं? खुळा हाय का त्यो? मला तवाच कळलं, जनावर खणखणीत हाय."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. डोंगर लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आबांना तांबड्या नको होता. आम्हाला दुसरा बैल घेता यावा म्हणून ते तेवढं द्यायला निघाले होते. गोशाळेच्या पगारावर ते कुठून देणार होते, मला माहीत नाही. मी दादांना तसं सांगितलं. दादा म्हणाले, "आपलं काय लागतंय त्यो?"  नवरात्र उठलं आणि ते निघून गेले.

मी रविवारी गोशाळेत जात राहिले. आता तिथं माझं काही काम नव्हतं. आबा फाटकापाशी बसलेले असायचे आणि मी दिसले की विचारायचे, "उलटली का न्हाई अजून तुझ्या बापाची गाडी?"

"न्हाई आबा."

"उलटंल."

तेवढ्यावर ते उठून कामाला लागायचे. पण थंडी वाढली तसं त्यांना पोतं उचलवेना. दादांशी बोलणं व्हायचं तेव्हा मी विचारायचे, तांबड्या कसा आहे. "ओढतोय," ते म्हणायचे. नंतर म्हणाले, "संध्याकाळी जरा सुजतंय. सकाळपतूर उतरतंय." नंतर त्यांनी त्या विषयावर बोलणंच सोडलं. मी मायला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनलाच इचार." मला कळत होतं, पण मी इथं बसून काय करणार होते. फी भरली होती, परीक्षा जवळ होती. माझं जे चाललं होतं ते त्या पायावर चाललं होतं, आणि ते मला वर्गात बसल्यावरही आठवायचं.

आबांना मावशीनंच रिक्षात घालून बीडच्या सरकारी दवाखान्यात आणलं. छातीत पाणी झालं होतं. त्यांची एक लेक होती, लांब दिलेली, ती येऊन दोन दिवस राहून गेली, तिच्याही घरी लहान पोरं. मग कॉलेज सुटल्यावर मी जायचे, सकाळी मावशी. वॉर्डात कुणी कुणाशी फार बोलत नसे. खाटांमधून माणसं चालत राहायची, आणि सगळ्यांनाच झोप हवी असल्यासारखं वाटायचं. आबा बसून असायचे, आडवं झालं की त्यांना दम लागायचा. मी शेजारी बसून नोट्स वाचायचे. त्यांनी विचारलं की तेवढंच सांगायचे. पण ते आता फार विचारत नव्हते. गाडी उलटली का, हेही विचारत नव्हते.

एकदा मी डब्यात खिचडी नेली. वसतिगृहाची, करपलेली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "लई छान झालीया."

मी डबा झाकला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

त्यानंतरच्या एका दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसले होते. फोन वाजला. मावशीचा होता, गोशाळेतून. ती इतकी घाईनं बोलत होती की मला दोन वेळा विचारावं लागलं. मग तिनं फोन दुसऱ्या कुणाला दिला, आणि पलीकडून दादा बोलायला लागले. त्यांचा आवाज बसला होता. ते तुटक तुटक बोलले, पण झालं ते सगळं सांगितलं. आबा कुठं आहेत, हे त्यांना मावशीनं सांगितलं होतं. "सांग त्यांनला," ते म्हणाले, "आन मग म्या येतो."

मी फोन ठेवला. आबा माझ्याकडंच बघत होते.

"आबा, दादा आलेत. गोशाळेत आहेत."

"हंगाम मोडून?"

"हो. माय तिकडंच आहे, टोळीत. दादा तांबड्याला घेऊन आलेत. चालत."

"चालत?"

"त्याला पुन्हा ट्रकमध्ये घालायचा नाही म्हणाले. कारखान्यापासून चालत आणला. वाटंत थांबत थांबत."

त्यांना दम लागला. मी पाठीमागं हात धरला. तो ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पाय?"

"सुजलाय. मोडला नाही."

"गाडीत पडला?"

"नाही. कारखान्याच्या अलीकडं मोठा उतार आहे. गाडी भरलेली होती, शिगोशीग. दादा वर थांबले. मागच्या गाड्या अडल्या, सगळे शिव्या द्यायला लागले. मुकादम आला. दादांनी कुणाचं ऐकलं नाही."

"मग?"

"सोडला त्याला. जू काढून बाजूला घेतला."

त्यांनी माझं मनगट धरलं. "कुठं सोडला म्हणलीस?"

"वर, आबा. उतार लागायच्या आधी."